सायकलच्या ट्यूबखालचा जोड

एप्रिलची अठ्ठावीस तारीख. सकाळी साडेनऊला माझ्या टेबलावर एक मेटल डिटेक्टर पडलं होतं, पाण्याखाली चालणारं. आवाज का करतंय ते शोधायचं होतं.

माझं दुरुस्तीचं दुकान धुळ्याला देवपुरात आहे. शेतकऱ्यांच्या मोटारींचे स्टार्टर, बोअरमध्ये सोडायचे कॅमेरे, पाण्याची पातळी मोजायची यंत्रं असली कामं वीस वर्षं करते आहे. पाण्याखालची डिटेक्टरं आपल्याकडे फार नाहीत. विहिरीत पडलेल्या वस्तू काढून देणारे काही पाणबुडे ती बाळगतात, आणि बिघडली की माझ्याकडे येतात, कारण दुसरं कुणी ती उघडत नाही.

हे मशीन चोपड्याकडच्या एका पाणबुड्याचं. माणूस साठीला टेकलेला. मी त्यांना नाना म्हणते, ते मला अक्का म्हणतात. वयाने मीच लहान, पण दुरुस्ती करणाऱ्याला मान द्यायचा त्यांचा स्वभाव आहे. महिन्याच्या सुरुवातीला हेच मशीन मी दुरुस्त करून दिलं होतं. तेव्हा वायरीच्या जोडातल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या बदलल्या, बादलीत थाळी, म्हणजे धातू शोधणारं गोल टोक, बुडवून पाहिली, बटणांच्या डब्यावर माझ्या दुकानाची चिठ्ठी चिकटवली आणि दिलं. पंचवीस दिवसांत ते परत आलं याचाच मला राग होता. माझं काम सहसा परत येत नाही.

"काय होतंय?" मी विचारलं.

"अक्का, बठ्ठी विहीर वाजस," नाना म्हणाले. "जठे धरो तठे वाजस."

अख्खी काय, कुठलीच विहीर वाजत नसते. वाजतं ते मशीन. मी कामाला लागले. आधी बॅटरी बदलून पाहिली, कारण बॅटरी उतरली की मशीन कुरकुरतं. फरक नाही. दुकानातली ट्यूबलाइट, पंखा, माझा आणि नानांचा मोबाइल सगळं बंद केलं. आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. डब्याचं झाकण उघडून रबरी कडं पाहिलं. कडं चांगलं होतं, वाळूचा कणसुद्धा नव्हता, आत पाणी नव्हतं. मग वायर हातात घेतली आणि डब्यापासून थाळीपर्यंत बोटभर बोटभर वाकवत गेले. हेडफोन कानाला होताच. मध्यावर आले आणि कानात कर्रर्र झालं. सरळ केली की बंद. वाकवली की कर्रर्र.

त्या जागी वायरीवर सायकलची जुनी ट्यूब चढवलेली होती, वीतभर.

"हे काय?"

"घासू नये म्हनीसन घातं."

मी ब्लेडने ट्यूब फाडली. आत काळी टेप, टेपच्या आत वाळलेला एम-सील, एम-सीलच्या आत पिळून जोडलेल्या तारा. कुणीतरी वायर मधोमध कापली होती आणि पुन्हा जोडली होती. मी फीत लावून मापली. माझ्या वहीत मागचं माप होतं. वायर चार बोटं कमी भरली.

नाना दाराबाहेर रस्त्याकडे पाहत होते.

"नाना, इकडे बघा. कुणी कापली ही?"

त्यांच्यासाठी चहा मागवला होता, तो त्यांनी बशीत ओतला, प्यायला नाही. मग सांगितलं ते असं.

चार दिवसांपूर्वी चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका केळीच्या मळ्यात त्यांना बोलावलं होतं. मळामालकाच्या आईच्या दोन सोन्याच्या पाटल्या गेल्या होत्या. उन्हाने हात सुजतात म्हणून म्हातारीने त्या काढल्या आणि रिठ्याच्या पाण्यात घासून दे म्हणून घरात काम करणाऱ्या बाईकडे दिल्या. बाई डोंगरातल्या पाड्यावरची, नवऱ्यासह मळ्यातच खोपीत राहणारी. तिचं म्हणणं असं की, पितळी वाटीत पाटल्या भिजत घालून वाटी विहिरीच्या काठावर ठेवली होती आणि ती विहिरीत पडली. मालकाचं म्हणणं, वाटी काय आपोआप चालत गेली? मालकाच्या नुसत्या सांगण्यावरून तिच्या नवऱ्याला दोनदा पोलीस ठाण्यात बोलावून बसवून ठेवलं होतं. तक्रारीचा अर्ज लिहून तयार होता. विहिरीत पाहून घेऊ आणि मग देऊ, एवढ्यासाठीच तो थांबला होता.

"मग पाहिलंत ना?"

"देखं. पन मालकले स्वतः ऐकनं व्हतं."

इथे मला सगळा प्रकार कळायला लागला. मशीनचा डबा आणि हेडफोन पाण्यात उतरणाऱ्या माणसाजवळच असायला हवेत. वायर हातभरच लांब असते ती त्यासाठीच. पण मालकाचा पाणबुड्यावर विश्वास नव्हता. तो आणि ती बाई संगनमत करतील अशी शंका. म्हणून डबा वर, मालक वर, बाजेवर बसून, कानाला हेडफोन लावून. थाळी तेवढी खाली, सत्तर फुटांवर, नानांच्या हातात. मधल्या अंतरासाठी वायर कापून मोटारीची चपटी काळी केबल जोडली. खळ्यात पडलेलीच होती. आणि थाळी खाली सोडताना दोर बांधला नाही. तिच्याच वायरीने बादलीसारखी लोंबकळत सोडली. काम झाल्यावर केबल काढून तारा पुन्हा पिळल्या आणि वर ट्यूब चढवली.

"आणि मोटार?"

"चालू व्हती. केळीले पानी चालू व्हतं."

मी पक्कड खाली ठेवली. ठेवली म्हणजे आपटली. शेजारचा चष्मेवाला डोकावून गेला.

हे समजायला अभियंता असावं लागत नाही. थाळी पाण्यात बारीक झटके सोडते आणि धातूवरून जे परत येतं ते ऐकते. परत येणारी गोष्ट इतकी बारीक असते की तिच्या तारेभोवती तांब्याची जाळी गुंडाळलेली असते, बाहेरचं काही आत शिरू नये म्हणून. मोटारीच्या केबलला अशी जाळी नसते. सत्तर फूट उघडी केबल, तीही चालू मोटारीच्या पाइपाला लागून सोडलेली. ती त्या मोटारीची सगळी घरघर गोळा करून मालकाच्या कानात ओतत होती. शिवाय थाळीच्या वजनाने मूळ वायरीच्या आतली जाळी तुटली. बठ्ठी विहीर वाजणार नाही तर काय?

"मग मालकाने काय केलं?"

नाना म्हणाले, मालकाचे कान किटले. त्याने डब्यावरचं सेन्सिटिव्हिटीचं बटण आवाज बंद होईपर्यंत मागे फिरवलं. ते बटण मागे नेलं की मशीनला काही ऐकू येत नाही, लोखंडाची पहार थाळीला टेकवली तरच वाजेल. नाना खाली अर्धा तास गाळात थाळी फिरवत राहिले आणि मालक वरून म्हणत राहिला, काही नाही, काही नाही. मग हेडफोन काढून त्याने गावच्या चार माणसांसमोर जाहीर केलं की विहिरीत काही नाही, मशीनने सांगितलं. आणि डब्यावरची चिठ्ठी दाखवली. धुळ्याच्या बाईंनी तपासलेलं मशीन आहे, पंचवीस दिवससुद्धा झाले नाहीत.

"तुम्ही का नाही बोललात?"

"अक्का, त्या मोठा मानूस शेतस. त्यास्नी सांगं, मी करं."

माझा राग किती जणांवर होता ते मी मोजलं नाही. मालकावर होता. चालू मोटारीच्या विहिरीत उतरणाऱ्या नानांवर होता. केबलला कुठे खरचटलं असतं तर त्यांचं प्रेत वर आलं असतं आणि तेही मशीनच्या नावावर गेलं असतं. आणि माझ्यावर होता. मी वायर टेबलावर आडवी ठेवून तपासली होती. ती वजन घेऊन लोंबकळली तर काय होईल, हे पाहिलं नव्हतं. कुठे वापरणार, कोण वापरणार, विचारलं नव्हतं. चिठ्ठी चिकटवून मोकळी झाले, आणि त्या चिठ्ठीवर एक बाई चोर ठरत होती.

"अर्ज कधी देणार आहेत?"

"परवा."

मी दुपारी जेवले नाही. जोड कापून फेकला. माझ्याकडे जाळीची चांगली वायर होती, ती थाळीपासून डब्यापर्यंत अखंड टाकली. दोन्ही टोकांना रबरी बूच, वर इपॉक्सी. इपॉक्सी वाळायला रात्र द्यावी लागते, ती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरीला पाच किलोचं वजन टांगून पिंपातल्या पाण्यात सोडली आणि हेडफोन लावून तासभर हलवत बसले. एकदाही कुरकुरली नाही. मग मशीन पिशवीत घातलं, दुकानातच मुक्काम केलेल्या नानांना उठवलं आणि अमळनेरमार्गे चोपड्याची बस धरली.

मळ्यावर पोचलो तेव्हा दोन वाजले होते. मालक ओट्यावर होते. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, मोबाइल खिशात सरळ उभा. मला पाहून उठले.

"या मॅडम. तुमचंच मशीन ना ते? फार चांगलं चाललं."

"चाललं नाही. ते बिघडलेलं होतं. विहीर पुन्हा पाहावी लागेल."

"पाहिली की. मी स्वतः ऐकलंय."

"तुम्ही बटण मागे नेलंत. कान बंद करून कुणी बोलत नाही म्हणाल, तसं झालं ते."

त्यांना हे आवडलं नाही. पण घरात बाई-माणसं होती, ओट्यावर शेजारचा एक माणूस होता. ते हसले. "बसा, चहा सांगतो. आडनाव काय म्हणालात आपलं?"

मी सांगितलं.

"असं," ते म्हणाले. त्यानंतर चहाचा विषय निघाला नाही आणि मी मॅडमची बाई झाले. मला हे नवीन नाही. मी थर्मासमधलं पाणी प्याले आणि विहिरीकडे निघाले.

काम करणारी ती बाई गोठ्याजवळ उभी होती. तिशीची असेल. कुणी तिला बोलावलं नव्हतं, तीच आली. मी विचारलं, वाटी नेमकी कुठे ठेवली होती? तिने हाताने जागा दाखवली. विहिरीतून मोटारीचा पाइप वर येतो, तिथे त्याला धरून ठेवणारी एक रुंद लोखंडी पट्टी होती, काठाच्या दोन्ही बाजूंना टेकवलेली. सपाट, वाटी ठेवायला सोयीची.

"आठे ठेवी. मी बादली लेवाले वाकनू. लाइट उनी, पाइप हालना, वाटी पडनी."

"खोटं," मागून मालक म्हणाले. "एवढा लोखंडाचा पाइप हालतो होय?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडेही पाहत नव्हती. "मी चोरी करी नही," एवढं म्हणाली, आणि ते ती इतक्यांदा म्हणाली असावी की त्यात आता विनंती उरली नव्हती.

मी माझ्या अटी सांगितल्या. मोटार पूर्ण बंद. थाळी आणि डबा दोन्ही नानांबरोबर खाली जाणार, हेडफोन त्यांच्या कानाला. मशीनचं वजन वेगळ्या दोरावर, वायर त्या दोराला सैल बांधलेली. वर कुणी काही ऐकणार नाही.

"मग तो खाली काय करतोय, आम्हाला कसं कळणार?"

"ते वर आल्यावर त्यांच्या हातात काय आहे ते दिसेल."

मोटार बंद करायला मालकांनी साफ नकार दिला. चार वाजेपर्यंत तीन फेज असते, केळीला ठिबक चालू आहे, एक दिवस चुकला तर घड बारीक राहतो. मी म्हटलं, ठीक आहे, चारला लाइट जाईल तेव्हा उतरू. दोन तास मी विहिरीच्या काठावर बाभळीच्या सावलीत बसले. म्हातारी एकदा येऊन गेली. तिचे उघडे हात खरंच सुजलेले होते. तिने मला विचारलं, "सापडतीन का वं?" मी म्हटलं, असतील तर सापडतील. ती म्हणाली, "मी तिले कधी चोर म्हनं नही. पोऱ्या म्हनस." पण मुलासमोर ती हे म्हणाली नव्हती. माझ्याजवळ बाभळीखाली म्हणाली.

चारला लाइट गेली. मोटार थांबली आणि मळ्यात एकदम शांतता झाली. मालकांना मी दोनदा विचारलं, स्टार्टरचं ऑटो बंद केलं का? आमच्याकडे बहुतेक शेतकरी ऑटो लावून ठेवतात, लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, शेतात कुणी असो नसो. ते म्हणाले, केलं, केलं. स्टार्टरची पेटी दुसऱ्या टोकाला, खोलीच्या भिंतीवर होती. मी स्वतः जाऊन पाहायला हवं होतं. मी त्यांच्या शब्दावर राहिले. वीस वर्षं स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या बाईची ही चूक होती, आणि ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नाना उतरले. विहिरीत दोन पुरुष पाणी होतं. काळ्या खडकातही लोखंडाचा अंश असतो, त्यानेही मशीन गुणगुणतं. त्यांना आधीच सांगितलं होतं की खडकाला थाळी लावून तो आवाज ओळखून घ्या, मग गाळात या. दर वेळी वर येऊन श्वास घेत, कान चोळत, पुन्हा जात. "कान दुखस," एकदा ओरडून म्हणाले. मी म्हटलं, "मग वर या." ते म्हणाले, "आते नही येत, आते वाजायनं."

पाचव्या बुडीला पितळी वाटी वर आली.

नानांनी ती डोक्यावर धरली होती. वाटी चेपलेली, आत काळा गाळ घट्ट बसलेला. मी दोराने वर ओढून घेतली आणि तो गाळ त्या बाईसमोर, म्हातारीसमोर आणि मालकांसमोर बोटाने काढला. आत एक पाटली होती.

म्हातारीने ती घेतली, पदराला पुसली, पाहिली आणि म्हणाली, "हाईच."

मला वाटलं, झालं. इतकी वर्षं माणसं पाहूनही मला असं वाटतं, याचा नंतर राग येतो.

मालक म्हणाले, "एक झाली. दुसरी कुठे आहे?"

"तीही खालीच आहे. वाटी चेपलीय बघा, पडताना पाइपावर आपटली असेल, एक बाहेर उडाली."

"किंवा एक टाकली, एक ठेवली. म्हणजे मशीन आणलं तर दाखवायला एक असावी." ते हे त्या बाईकडे पाहून म्हणाले. "या लोकांना काय कमी डोकं असतं?"

मला हात उचलावासा वाटला. उचलला नाही. माझ्या हातात पक्कड होती, ती मी पाइपाच्या त्याच लोखंडी पट्टीवर ठेवली, दोर नीट धरता यावा म्हणून. ती बाई मात्र शांतपणे बोलली, मालकांकडे पहिल्यांदाच सरळ पाहत.

"जठे एक व्हती, तठेच दुसरी शे. काढा."

नाना सहाव्यांदा खाली गेले होते. पाच वाजून गेले असतील. आणि वेळेआधी लाइट आली.

मोटार सुरू झाल्याचा आवाज खालून आला आणि पाइपाने झटका दिला. अख्खा पाइप, लोखंडाचा, कोपरभर उडून बसावा तसा. पट्टीवरची माझी पक्कड उडाली आणि विहिरीत गेली.

मी स्टार्टरकडे धावले. चप्पल वाटेत राहिली. ऑटोचं बटण चालूवर होतं. लाल बटण दाबलं, मोटार बंद केली, परत विहिरीवर आले तेव्हा नाना दोराला धरून वर येत होते. डोळे लाल, हेडफोन गळ्यात. मोटार सुरू झाली तेव्हा त्यांच्या कानात किंकाळी फुटल्यासारखं झालं, मग पाण्यातून काहीतरी खांद्याला घासून गेलं. ती माझी पक्कड. डोक्यात पडली असती तर मी आज हे लिहीत नसते, जाबजबाब देत असते.

नानांनी काठावर बसून दम घेतला आणि म्हणाले, "अक्का, तुमनी पक्कड बी चोरीसन कोनी लयी गयं का?"

म्हातारी हसली. फक्त तीच.

"ऑटो कुणी लावलं?" मी मालकांना विचारलं.

"मला काय माहीत लाइट लवकर येईल."

"माणूस पाण्यात असताना तुम्ही ऑटो लावलं?"

"चारची लाइट गेली होती. रात्री येते तेव्हा पुन्हा कोण येणार लावायला? केळी आहे ती, बाई. वाट बघत नाही."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खानदेशी बोलीत ते जास्त चांगलं वाटतं. पण एक गोष्ट मी त्यांच्या आईला दाखवली. रिकामी पट्टी. "तुमच्या पोराने विचारलं होतं ना, पाइप हालतो का? माझी पक्कड तुमच्या डोळ्यांसमोर गेली. वाटी अशीच गेली." म्हातारीने मान हलवली. मालकांनी हलवली नाही. त्यांनी मोबाइल काढला, त्यात काहीतरी पाहिलं आणि म्हणाले, "आता लाइट आलीच आहे तर पाणी चालू द्या. दुसरीचं सकाळी बघू. सकाळी मी तालुक्याला जाणार आहे, अर्ज एका पाटलीचा करू."

म्हणजे एक सापडल्याने तक्रार मोडली नव्हती. फक्त बारीक झाली होती.

त्या बाईचा नवरा गोठ्याच्या कोपऱ्यात उभा होता. ठाण्यावर आणखी एकदा जावं लागणार हे त्याला कळलं असावं. त्याने अंगातला सदरा उद्यासाठी काढून त्याची घडी केली आणि तो खोपीत गेला. ती तिथेच थांबली. मी तिला विचारलं, मळा सोडून जाणार का? ती म्हणाली, चोर म्हणवून गेलो तर या पट्ट्यात कुणी कामाला ठेवणार नाही. आधी पाटली निघू दे, मग जायचं की राहायचं ते आमचं आम्ही ठरवू.

रात्री मी नानांच्या घरी राहिले. त्यांच्या बायकोने कळण्याची भाकरी आणि शेवभाजी केली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि लवकर झोपले. विचार करण्यासारखं काही नव्हतं. मशीन ठीक होतं, वायर ठीक होती, आवाज कुठून येतो तेही माहीत होतं. मशीनमधला आवाज असता तर मी टेबलावर बंद केला असता. हा बाहेरचा होता आणि त्याला बंद करायचं ठिकाण भिंतीवरच्या पेटीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आणि नाना मळ्यावर होतो. लाइट आठला येणार होती. या वेळी मी आधी विहिरीकडे गेले नाही. स्टार्टरच्या पेटीकडे गेले, रबरी हातमोजा घातला, तिन्ही फ्यूज ओढून काढले आणि माझ्या पिशवीत टाकले. पेटी बंद केली. मग नानांना म्हटलं, "आता उतरा."

आधी माझी पक्कड वर आली. पहिलाच आवाज तिचा होता. मग बराच वेळ काही नाही. नानांना मी दर तिसऱ्या बुडीनंतर काठावर बसवत होते. ती बाई दोर धरून होती, तिने तो एकदाही माझ्या हातात दिला नाही.

आठला लाइट आली असणार, कारण शेजारच्या मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या. नानांनी खालून सांगितलं की मशीन थोडं कुरकुरतंय. मी म्हटलं, चालेल, ते लांबचं आहे, आपल्या मोटारीचं नाही. आमच्या विहिरीतला पाइप जागचा हलला नाही. मालक घरातून स्टार्टरकडे गेले, मग धावत माझ्याकडे आले.

"फ्यूज कुठे आहेत?"

"पिशवीत."

"द्या इकडे. ठिबक कोरडं पडलंय."

"दुसरी पाटली वर आली की देते."

"हे माझं शेत आहे!"

"हो. आणि खाली माणूस आहे."

ते पोलिसांना बोलावीन म्हणाले. मी म्हटलं, बोलवा, तसंही तुम्ही तिकडेच निघाला होतात. म्हातारी बाजेवर येऊन बसली होती. ती मुलाला म्हणाली, "बस गपचूप." तिला चारचौघांत बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

सव्वाआठला दुसरी पाटली आली. वाटीपासून हात-दीड हातावर, खडकाच्या कपारीत उभी अडकलेली. नानांनी ती बोटात घालूनच वर आणली. मी ती त्या बाईच्या हातात दिली. तिने ती म्हातारीकडे नेली. म्हातारीने दोन्ही पाटल्या पदरात बांधल्या, हातात घातल्या नाहीत. सूज उतरली नव्हती.

मालक फ्यूज मागत होते. मी म्हटलं, आधी सही. मी वहीतलं पान फाडलं आणि मालकांच्या वतीने लिहिलं: दोन्ही पाटल्या विहिरीत मिळाल्या, मोटार सुरू होताना पाइपाच्या झटक्याने वाटी पडली होती, या कामी त्या बाईवर आणि तिच्या नवऱ्यावर माझी कोणतीही तक्रार नाही. दुसऱ्या पानावर तेच पुन्हा लिहिलं. दोन्ही मोठ्याने वाचून दाखवली, कारण त्या बाईला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय ते तिने पूर्ण ऐकलं पाहिजे असं मला वाटलं.

मालकांनी सह्या केल्या. घाईने, ऊन चढत होतं म्हणून. एक कागद मी तिला दिला, एक माझ्याकडे ठेवला. मग स्टार्टरकडे गेले आणि तिन्ही फ्यूज स्वतःच्या हाताने बसवले. त्यांच्या हातात दिले नाहीत.